हेड उतरवल्यावर

मोटारीच्या इंजिनात खाली ब्लॉक असतो आणि त्याच्या डोक्यावर सिलिंडर हेड. ब्लॉकमधल्या नळकांड्यांत पिस्टन खालीवर होतात आणि हेड त्या नळकांड्यांची तोंडे बंद करते. मात्र ते नुसते झाकण नाही. व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग, हवा आत घेण्याच्या आणि धूर बाहेर टाकण्याच्या वाटा, शिवाय पाणी आणि ऑइल फिरण्याचे मार्ग या एकाच ओतीव तुकड्यात असतात. इंधन पेटते तेव्हा वायूचे तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्याही वर जाते, आणि हेडचे ॲल्युमिनियम 660 अंशांच्या आतच वितळते. पोकळीतून सतत फिरणारे पाणी ही उष्णता रेडिएटरकडे वाहून नेते, म्हणून हेड टिकते.

हेड आणि ब्लॉक यांच्या मध्ये गास्केट दाबून बसवलेली असते. जळता वायू, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचे काम एवढ्याशा पातळ पत्र्याचे. मुंबईत कित्येक दशके टॅक्सी म्हणून धावलेल्या प्रीमियर पद्मिनीचे 1089 सीसीचे इंजिन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. 40 सेंटिमीटर लांबीचे हेड 30 अंशांवरून 90 अंशांपर्यंत तापले, तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. तेवढाच लांब बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्मा. हा फरक प्रत्येक फेरीत गास्केटला सोसावा लागतो. गाडी नेहमीच्या तापमानात चालली तर ती तो वर्षानुवर्षे सोसते. पाणी संपले, पंखा बंद पडला किंवा थर्मोस्टॅट अडकला, की हेड मर्यादेबाहेर फुगते. घट्ट बोल्टांमुळे त्याला बाजूला सरकता येत नाही, मग ते वाकते. गॅरेजच्या भाषेत ‘गास्केट उडाली’ म्हणतात, पण गास्केट बहुतेक वेळा स्वतःहून उडत नाही. आधी गाडी तापलेली असते.

बिघाडाची लक्षणे गास्केट कुठे फाटली यावर अवलंबून असतात. पाणी नळकांड्यात शिरले, तर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो आणि बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होते. पाणी ऑइलमध्ये मिसळले, तर ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा होतो. तरीही केवळ झाकणाखालची पांढुरकी साय पाहून निर्णय घेऊ नये. पावसाळ्यात रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत ही साय बाष्पामुळेही जमते. जळता वायू पाण्यात घुसला, तर रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. दोन शेजारच्या नळकांड्यांतली भिंत ओलांडली गेली, तर कॉम्प्रेशन मोजताना ती दोन्हीच कमी भरतात. वायू पाण्यात जातो की नाही हे एका निळ्या द्रावणानेही कळते. रेडिएटरवरची हवा त्यातून ओढली आणि त्यात कार्बन डायऑक्साइड असला, तर द्रावण पिवळे पडते. ही चाचणी स्वस्त आहे आणि हेड उतरवण्याचा सगळा खर्च वाचवू शकते. ती न करता हेड उघडायला घेणे चुकीचे.

हेड नेहमी थंड इंजिनावरच उतरवतात. गरम असताना बोल्ट सैल केले, तर सरळ हेडही वाकू शकते. बॅटरीची तार काढून, पाणी निथळून, होज, कार्बुरेटर आणि मॅनिफोल्ड सोडवले जातात. पद्मिनीत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असल्याने टायमिंगच्या साखळीला हात लावावा लागत नाही. वरचा रॉकर शाफ्ट निघाला की पुशरॉड उचलता येतात. ते भोके पाडलेल्या पुठ्ठ्यात क्रमाने खोचून ठेवावेत, कारण प्रत्येक रॉड आपल्या जोडीदारासोबत झिजलेला असतो. कॅमशाफ्ट हेडमध्येच असलेल्या आजच्या इंजिनांत मात्र टायमिंग बेल्ट किंवा साखळी सोडावी लागते आणि खुणा जुळवून ठेवाव्या लागतात. तिथे एका दात्याची चूकही गाडी बिघडवते, आणि काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल करतात. हेड चिकटून बसले असेल, तर मोगरीने हलके ठोकतात. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटले, तर मऊ ॲल्युमिनियमवर कायमचा ओरखडा पडतो.

खरे काम इथून सुरू होते, आणि ते मालकाला कधीच दिसत नाही. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावे लागतात. जुन्या गास्केटमध्ये तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ते कोरडे खरवडून धूळ उडवणे फुफ्फुसांना घातक. फिरत्या खरकागदी चकतीने पृष्ठभाग चकाचक होतो, पण तिची भुकटी ऑइलच्या वाटांत शिरली तर बेअरिंग खाऊन टाकते. मग पोलादी सरळपट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि तिरकी ठेवून खाली फिलर गेज घालून पाहतात. बऱ्याच लहान इंजिनांत 0.05 मिलिमीटर वाकही खपत नाही, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. वाक असेल तर वर्कशॉपमध्ये फेसिंग होते. फेसिंग जितके जास्त, तितकी हेडची जाडी घटते आणि कॉम्प्रेशन वाढते. कंपनीने दिलेल्या किमान जाडीखाली गेलेले हेड बदलावेच लागते.

भेग शोधण्यासाठी पाण्याच्या वाटा बंद करून हेडमध्ये हवा भरतात आणि ते गरम पाण्यात बुडवतात. बुडबुडे येतील तिथे भेग. ती बहुधा दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या अरुंद पट्टीवर असते. व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासून बसवतात. मग हेड उलटे करून खोलगटात रॉकेल ओततात. काही वेळाने पोर्टमध्ये ओल आली नाही, तर व्हॉल्व्ह नीट बसला असे समजावे.

हेड परत बसवताना बोल्टची भोके कोरडी असावी लागतात. भोकात पाणी किंवा ऑइल राहिले, तर बोल्ट खाली जाताना ते दाबले जाते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आवळण्याचा क्रम आता उलटा, मध्याकडून कडांकडे. टॉर्क रेंचवर लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश भाग घर्षणातच खर्च होतो आणि जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणतो. त्यामुळे आटे मळलेले असले, तर रेंचवर आकडा बरोबर दिसूनही गास्केटवरचा दाब कमी राहतो. अनेक नव्या इंजिनांत बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी ठरावीक अंशांत फिरवतात. ते ताणले जाऊन कायमचे लांब होतात, म्हणून दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. त्यात पैसे वाचवले, तर तेच काम पुन्हा करावे लागते.

सगळे बसवल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलतात आणि टॅपेटची फट जुळवतात. मग कूलंट भरून अडकलेली हवा काढतात. कूलंट केवळ थंड प्रदेशासाठी असतो हा समज चुकीचा आहे; तो गंज रोखतो आणि उकळबिंदू वाढवतो, तर बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचतात. रेडिएटरचे झाकण कुकरसारखे दाब धरून ठेवते, त्यामुळे त्याचा स्प्रिंग आणि रबर तपासणे गरजेचे. मूळ कारण पंखा, थर्मोस्टॅट, पंप की झाकण, हे सापडले नसेल तर नवी गास्केटही त्याच वाटेने जाईल. इंजिन पंखा चालू होईपर्यंत तापवून एकदा पूर्ण थंड होऊ देतात आणि सकाळी पाण्याची पातळी आणि डिपस्टिकवरच्या ऑइलचा रंग पाहतात.