कराटेचे कोरियन शिष्य : विद्या, नाव आणि वारसा

एखादी विद्या एका देशातून दुसऱ्या देशात गेली म्हणजे ती कोणाची म्हणावयाची, हा प्रश्न संस्कृतीच्या अभ्यासकाला नवा नाही. परंतु विद्या देणारा राज्यकर्ता आणि घेणारा त्याचा अंकित असेल, तर या प्रश्नाला निराळीच धार चढते. विसाव्या शतकातील कराटे आणि कोरिया यांचा संबंध हे त्याचे बोलके उदाहरण होय.

कराटेचे मूळ जपानच्या मुख्य भूमीत नाही. ते ओकिनावा बेटांत आहे. तेथील शिक्षक फुनाकोशी गिचिन यांनी 1922 मध्ये टोकियो येथे या विद्येचे प्रात्यक्षिक केले आणि पुढे तेथेच राहून विद्यापीठांतील तरुणांना ती शिकविली. कोरिया 1910 पासून जपानच्या साम्राज्यात विलीन झालेला होता. उच्च शिक्षणासाठी जपानला जाणाऱ्या कोरियन विद्यार्थ्यांपैकी काहींचा या नव्या विद्येशी परिचय झाला तो याच विद्यापीठीय वर्तुळात. म्हणजे कराटे कोरियात गेले ते सैनिकांच्या छावण्यांतून नव्हे, तर बहुतांशी विद्यार्थ्यांच्या द्वारा.

या विद्यार्थ्यांत ली वॉन-कुक आणि रो ब्यंग-जिक ही दोन नावे प्रथम येतात. दोघेही फुनाकोशींचे शिष्य. 1944 मध्ये, जपानी अंमल अद्याप चालू असतानाच, ली यांनी सेऊल येथे ‘चुंग दो क्वान’ आणि रो यांनी केसाँग येथे ‘साँग मू क्वान’ स्थापन केले. ‘क्वान’ याचा शब्दार्थ वास्तू; पण व्यवहारात त्याचा अर्थ आखाडा आणि घराणे असा दुहेरी होतो. फुनाकोशींचे लेखननाम ‘शोतो’, म्हणजे पाइन वृक्षांतून वाऱ्याने उठणाऱ्या लाटा. यातील ‘पाइन’ हे अक्षर रो यांच्या आखाड्याच्या नावात आढळते आणि ‘लाट’ हे अक्षर ली यांच्या. गुरूचे नाव असे दोन शिष्यांच्या आखाड्यांत विभागून राहिले आहे; परंतु केवळ कोरियन उच्चार ऐकणाऱ्यास त्याचा मागमूसही लागत नाही.

येथे लिपीचा मुद्दा लक्षात घेणे अगत्याचे आहे. चिनी अक्षरे अर्थ दर्शवितात. त्यांचा उच्चार भाषेगणिक पालटतो. ‘कराटे’ हा शब्द प्रारंभी ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहिला जाई. 1930 नंतरच्या दशकात जपानमध्ये त्याऐवजी ‘रिक्त हात’ अशी अक्षरे रूढ झाली. कोरियन उच्चारात पहिली जोडी ‘तांग सू’ होते, दुसरी ‘काँग सू’. ही दोन्ही नावे 1945 नंतर कोरियात प्रचलित होती. त्याच वर्षी ‘मू दुक क्वान’ स्थापन करणारे ह्वांग गी यांनी ‘तांग सू दो’ हे नाव लोकप्रिय केले. ओकिनावातील ‘पिनान’ नामक आकृतिबंध टोकियोत ‘हेइआन’ झाला आणि कोरियात ‘प्यंगआन’; अक्षरे तीच, हातापायांच्या हालचालीही बव्हंशी त्याच.

स्वातंत्र्यानंतर मात्र ही उसनवारी सलू लागली. या अस्वस्थतेला निश्चित रूप दिले ते सेनाधिकारी चोई हाँग-ही (1918–2002) यांनी. जपानमधील विद्यार्थिदशेत त्यांनी कराटेचे शिक्षण घेतले होते. पुढे दक्षिण कोरियाच्या सैन्यात उच्चपदस्थ झाल्यावर त्यांनी सैनिकांना ही विद्या शिकविली. 1955 मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘तायक्वांदो’ हे नाव स्वीकारले गेले. पाय, मूठ आणि मार्ग असा त्याचा अर्थ. शिवाय ‘तेक्क्यन’ या जुन्या कोरियन पदप्रहाराच्या खेळाच्या नावाशी त्याचे ध्वनिसाम्य आहे. एका नावाने दोन कार्ये साधली: जपानी शब्द दूर झाला आणि देशी परंपरेशी नाते सूचित झाले.

चोई यांनी नवे आकृतिबंध रचले व त्यांना कोरियन इतिहासातील थोरांची नावे दिली. इतो हिरोबुमी या जपानी मुत्सद्द्याचा 1909 मध्ये वध करणाऱ्या आन जुंग-गुन यांच्या नावाच्या आकृतिबंधात 32 हालचाली आहेत. 1910 मध्ये त्यांना फाशी झाली तेव्हाचे त्यांचे वय या संख्येने सूचित केले आहे. ज्या विद्येचे पहिले धडे जपानमध्ये मिळाले, तिच्याच साहित्यातून जपानविरोधी स्मृतीचे स्मारक उभे राहिले. तरीही 1965 मधील चोई यांच्या इंग्रजी ग्रंथात या नव्या आकृतिबंधांसोबत जुने कराटेचे आकृतिबंधही समाविष्ट आहेत, ही गोष्ट संक्रमणाची साक्ष देते.

याच काळात दुसऱ्या एका कोरियनाने उलट मार्ग धरला. चोई यंग-उई (1923–1994) यांचा जन्म कोरियातील. तारुण्यात ते जपानला गेले आणि तेथेच राहिले. ओयामा मासुतात्सु या नावाने ते जगद्विख्यात झाले. फुनाकोशींखेरीज, गोजू-र्यू पद्धतीचे सो नेइचू हेही त्यांचे गुरू. आणि तेही कोरियनच. संपूर्ण बळानिशी प्रहार करण्यावर भर देणारी ‘क्योकुशिन’ पद्धती ओयामा यांनी प्रवर्तित केली व 1964 मध्ये तिची संघटना स्थापन केली. 1971 पासून प्रसिद्ध झालेल्या एका चित्रमालिकेने त्यांना जपानी वीर म्हणून घरोघरी पोहोचविले. तथापि ‘मासुतात्सु’ ही अक्षरे कोरियन पद्धतीने वाचल्यास ‘पेदाल’ असा उच्चार होतो, आणि पेदाल हे कोरियाचेच एक प्राचीन नाव आहे. जपानी नावाच्या पोटात मातृभूमीचे नाव असे वसलेले होते.

दोघांच्याही उत्तरायुष्यात राष्ट्र आणि विद्या यांची सांगड सुखाची ठरली नाही. चोई हाँग-ही यांनी 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली. परंतु राज्यकर्त्यांशी बेबनाव होऊन 1972 मध्ये ते कॅनडात गेले. 1973 मध्ये सेऊलमध्ये वेगळी जागतिक संघटना निघाली आणि तिच्याच नियमांनुसार तायक्वांदो 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ झाला. नामकरणाचे श्रेय ज्यांना दिले जाते ते चोई 2002 मध्ये प्याँगयांग येथे निवर्तले. ओयामांच्या निधनानंतर त्यांची संघटनाही अनेक शाखांत विभागली.

तायक्वांदो दोन सहस्र वर्षांचा आहे, हा लोकप्रिय दावा वरील इतिहासापुढे टिकत नाही. परंतु तो केवळ कराटेच होय, असे म्हणणेही तितकेच अपुरे आहे. उंच व वेगवान पदप्रहारांवरील भर, स्पर्धेचे नियम आणि आकृतिबंधांतील स्मृती यांनी त्याला खरोखरच निराळे रूप दिले आहे. कराटे स्वतः चीन आणि ओकिनावा यांच्या संपर्कातून घडले आणि टोकियोत आल्यावर त्याने आपल्या नावातील ‘चिनी’ हा शब्द गाळला. कोरियाने पुढे जे केले, त्याचा धडा एका अर्थी जपाननेच घालून दिला होता. म्हणून या व्यक्तींच्या कार्याचे मोल उगमाच्या दाव्यावरून ठरविण्यापेक्षा, उसन्या विद्येत त्यांनी कोणती भर घातली आणि त्यासाठी कोणते नाव टाकले वा जपले, यावरून ठरविणे अधिक न्याय्य होय.