फुगा-झडप-विस्फारण

हृदयाची अरुंद झालेली झडप, छाती न उघडता, फुग्याच्या दाबाने रुंद करण्याची पद्धत. संधिज्वरानंतर द्विदली झडपेच्या दलांच्या कडा परस्परांना चिकटतात. निरोगी प्रौढात ४ ते ६ चौ. सेंमी. असलेले तिचे मुख १·५ चौ. सेंमी. किंवा त्याहून कमी झाले की रक्त डाव्या अलिंदात व मागे फुप्फुसांत तुंबते. रुग्णास धाप लागते. लंडन येथे हेन्री साउटर यांनी १९२५ मध्ये अशी झडप बोटाने मोकळी केली होती. जपानी शल्यचिकित्सक कांजी इनौये यांनी १९८२ मध्ये तेच काम फुग्याकडून करविले.

मांडीच्या नीलेतून कॅथेटर उजव्या अलिंदात नेतात, अलिंदांमधील पडद्यास सुईने छिद्र पाडतात व फुगा डावीकडे उतरवितात. प्रथम त्याचे पुढचे टोक फुगवून ते मागे ओढतात. मग मागचा भाग फुगून फुगा झडपेत डमरूसारखा अडकतो. शेवटी मध्यभाग फुगताच चिकटलेल्या कडा उकलतात. दले लवचिक असल्यास गुण वर्षानुवर्षे टिकतो. शस्त्रक्रिया धोक्याची ठरेल अशा गर्भवतीस हा उपाय विशेष मोलाचा होय. मात्र अलिंदात रक्ताची गुठळी असल्यास तो वर्ज्य मानतात, कारण ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. क्वचित दल फाटून रक्त उलट वाहू लागते व तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

वार्धक्यात चुना साचून ताठरलेल्या महारोहिणी झडपेत उकलण्याजोगी चिकटण बहुधा नसते. तेथे आलँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये फुगा वापरला. परंतु काही महिन्यांतच झडप पुन्हा अरुंद होते, असे आढळले. यातूनच त्यांनी २००२ मध्ये कॅथेटरद्वारे कृत्रिम झडप बसविली.