नाव कायम, पत्ता उसना

पत्र पाठवायचे असेल तर पाकिटावर नाव आणि पत्ता दोन्ही लिहावे लागतात. नुसते नाव लिहिले तर पोस्टमनने जायचे कोठे? संगणकांचेही तसेच आहे. इंटरनेटच्या जाळ्यात संगणक आणि मोबाइल फोन एकमेकांना माहिती पाठवतात, तेव्हा त्यांनाही पत्ता लागतो. मात्र हा पत्ता गल्ली, मोहल्ला, गाव असा नसून आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.७. याला आयपी पत्ता म्हणतात. यातील प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्यामधला असतो. अशा रीतीने सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. ते पुरेनासे झाले म्हणून आता याहून लांब पत्तेही वापरात आले आहेत. पण आपण येथे जुन्या, छोट्या पत्त्याचाच विचार करू.

हा पत्ता संगणकाला कोण देतो? पूर्वी हे काम माणूस करत असे. संगणक सांभाळणारा कर्मचारी प्रत्येक यंत्राजवळ जाऊन आकडे भरायचा आणि वहीत नोंद ठेवायचा. दहा-वीस संगणक असतील तर हे जमते. पाचशे असतील तर? एकच पत्ता चुकून दोघांना दिला गेला, की एकाची माहिती दुसऱ्याकडे जाऊ लागते आणि दोघांचेही काम अडते. म्हणून १९९३ साली एक नवी पद्धत ठरवण्यात आली. तिचे नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, थोडक्यात डीएचसीपी. राल्फ ड्रॉम्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने तिचे नियम लिहिले.

ही पद्धत समजण्यासाठी मुसाफिरखाना डोळ्यांसमोर आणा. मुसाफिर येतो, व्यवस्थापक त्याला रिकामी खोली देतो. खोली त्याच्या मालकीची होत नाही. ठरलेल्या मुदतीपुरतीच ती त्याची. (मुदत हा शब्द तुम्हाला उर्दूतूनही परिचित आहे.) डीएचसीपीमध्येही पत्ता मुदतीनेच मिळतो.

समजा, तुम्ही शाळेच्या संगणक कक्षात एक संगणक सुरू केला. त्याला अजून स्वतःचा पत्ता नाही आणि पत्ता देणारा कोठे आहे हेही ठाऊक नाही. मग तो जाळ्यातील सगळ्यांना उद्देशून हाक मारतो, "मी नवीन आलो आहे. पत्ता देणारे कोणी आहे का?" ते काम करणारा सर्व्हर उत्तर देतो, "हा पत्ता रिकामा आहे, घेतोस का?" संगणक म्हणतो, "हो, हाच द्या." सर्व्हर म्हणतो, "दिला. इतका वेळ वापर." हे चारही निरोप साधारणपणे एखाद्या क्षणात पुरे होतात.

तुम्ही विचाराल, तिसऱ्या निरोपाची गरज काय? कारण एका जाळ्यात पत्ता देणारे दोन सर्व्हरही असू शकतात. आपण कोणाचा पत्ता घेतला हे संगणकाने मोठ्याने सांगितले, की दुसरा सर्व्हर आपला पत्ता परत घेऊन पुढच्यासाठी मोकळा ठेवतो. पुढे मुदत निम्मी संपली, की संगणक स्वतःच ती वाढवून मागतो. संगणक बंद करून कोणी निघून गेला, तर मुदत सरल्यावर तो पत्ता दुसऱ्याला मिळतो.

कधी कधी हाकेला उत्तरच येत नाही. अशा वेळी बरेच संगणक १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता आपला आपणच घेतात. तुमच्या संगणकावर असा पत्ता दिसला, तर संगणक बिघडला असे समजून तो उघडू नका. आधी केबल नीट बसली आहे का आणि राउटर चालू आहे का, ते पाहा.

पत्त्याबरोबर सर्व्हर आणखी दोन गोष्टी सांगतो. एक, जाळ्याबाहेर जाण्याचा दरवाजा कोणता. दुसरी, एखाद्या नावाचा पत्ता विचारायचा असेल तर कोणाला विचारावे. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण आपण माणसे आकडे लक्षात ठेवत नाही; आपण नावे लक्षात ठेवतो.

इंटरनेटच्या आधी अमेरिकेत आर्पानेट नावाचे जाळे होते. ते १९६९ साली सुरू झाले. त्यातील सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ही यादी सांभाळत. नवा संगणक आला की तेथे कळवायचे, आणि बाकीच्यांनी अधूनमधून ताजी यादी उतरवून घ्यायची. संगणक वाढत गेले तशी यादी लांबत गेली आणि ती सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत शिळी होऊ लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर उपाय शोधला. तो म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस. मला या उपायातील सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते, की त्यात कोणालाच सगळे माहीत असण्याची गरज नाही. पुढे कोणाला विचारायचे, एवढे माहीत असले की पुरे.

उर्दू विकिपीडियाचे नाव घ्या : यूआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग. हे नाव रोमन लिपीत डावीकडून उजवीकडे लिहितात. पण पत्ता शोधताना ते उजव्या टोकाकडून वाचले जाते. पत्राचेही तसेच असते. टपाल छाटताना आधी गाव पाहतात, घर शेवटी. तुमचा संगणक हे नाव एका मधल्या सर्व्हरला देतो. तो प्रथम मूळ सर्व्हरला विचारतो. मूळ सर्व्हरची नावे फक्त १३ आहेत. पण त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत, मुंबईतसुद्धा. मूळ सर्व्हर म्हणतो, "पूर्ण पत्ता मला ठाऊक नाही. ऑर्गची नावे सांभाळणारा तो तेथे आहे." ऑर्गवाला विकिपीडियाच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि विकिपीडियाचा सर्व्हर शेवटी पत्ता सांगतो.

दर वेळी इतकी विचारपूस करावी लागत नाही. मधला सर्व्हर मिळालेले उत्तर काही काळ जपून ठेवतो. किती काळ, ते उत्तरातच लिहिलेले असते. म्हणजे येथेही मुदत आलीच! त्यामुळे एखाद्या संस्थेने आपले संगणक दुसऱ्या ठिकाणी हलवले, तरी तिला जगभर कळवत बसावे लागत नाही. ती आपल्या सर्व्हरवरील एक नोंद बदलते, आणि जुन्या उत्तरांची मुदत संपली की लोक नव्या पत्त्यावर येऊ लागतात. नाव तेच राहते.

पण सांगणाऱ्याने पत्ता खोटा सांगितला तर? २००८ साली डॅन कॅमिन्स्की या अमेरिकन तरुणाला एक मोठी उणीव सापडली. मधल्या सर्व्हरच्या प्रत्येक प्रश्नावर एक क्रमांक असतो आणि उत्तरावर तोच क्रमांक असेल तरच ते खरे मानले जाते. हा क्रमांक ६५,५३६ क्रमांकांपैकी एक. माणसाला ही संख्या मोठी वाटते, यंत्राला नाही. एखादा ठग खोटी उत्तरे धडाधड पाठवून तो क्रमांक थोड्या वेळात गाठू शकेल, असे कॅमिन्स्की यांना दिसले. खोटे उत्तर एकदा जपून ठेवले गेले, की त्या सर्व्हरला विचारणाऱ्या सर्वांना तेच मिळणार. बँकेचे नाव अचूक लिहूनही माणूस चोराच्या दारात उभा! कॅमिन्स्की यांनी ही गोष्ट आधी गुपचूप डीएनएसचे प्रोग्राम बनवणाऱ्यांना कळवली. अनेक कंपन्यांनी मिळून दुरुस्ती तयार केली आणि ८ जुलै २००८ रोजी ती एकाच वेळी जाहीर केली. तेव्हापासून क्रमांकाबरोबर प्रश्न ज्या पोर्टमधून, म्हणजे संगणकाच्या ज्या खिडकीतून पाठवला जातो, तीही दर वेळी बदलू लागली. त्यामुळे अंदाज बांधणे फार अवघड झाले. पुढे २०१० साली मूळ सर्व्हरच्या उत्तरांवर एक प्रकारची गणिती मोहर उमटवली जाऊ लागली. उत्तर वाटेत बदलले असेल तर ते मोहरेवरून ओळखता येते. अजूनही सर्वच नावांना ही मोहर मिळालेली नाही.

ही नावे बराच काळ फक्त रोमन लिपीत लिहिता येत. २०१४ साली शेवटी 'डॉट भारत' असलेली देवनागरी नावे देण्यास सुरुवात झाली. आता उर्दू लिपीतही 'भारत' लिहून नाव घेता येते. डीएनएसला जुनी रोमन अक्षरेच समजत असल्यामुळे आपला संगणक अशा नावाचे आधी रोमन अक्षरे आणि आकडे यांत रूपांतर करतो आणि मगच प्रश्न विचारतो. उर्दू नाव उजवीकडून डावीकडे लिहिले जात असल्यामुळे त्यातील 'भारत' हा भाग डाव्या टोकाला दिसतो. तरीही पत्त्याचा शोध त्या भागापासूनच सुरू होतो.