माशाचा घरखर्च

पोरांनो, होटगीच्या तलावात पाय बुडवून बघा. मे महिन्यात काठचं पाणी कोमट लागतं आणि डिसेंबरच्या सकाळी त्याच पाण्यानं अंगावर काटा येतो. तुमच्या अंगातली ऊब मात्र दोन्ही वेळी तेवढीच, 37 अंशांच्या आसपास. ती राखायला शरीर खाल्लेल्या भाकरीतला मोठा वाटा खर्च करतं. रोहू, कटला, मृगळ यांना हा खर्च नाहीच. पाणी 20 अंश असेल तर रोहूही 20 अंश, पाणी 30 तर तोही 30.

‘‘म्हणजे त्याला फुकटात ऊब मिळते की, आजोबा!’’

फुकटात नाही रे बाळा. पाणी 10 अंशांनी तापलं, की माशाच्या शरीरातली कामं साधारण दुप्पट वेगानं चालायला लागतात. हृदयाचे ठोके वाढतात, कल्ले भराभर हलतात, पचन लवकर होतं. थंडीत आपले रोहू-कटले खाणं कमी करतात आणि त्यांची वाढ मंदावते. ऊन वाढलं की भूक खवळते. मग जितकं ऊन जास्त तितका मासा मोठा, असंच ना? तसं नाही, आणि खरी गंमत इथंच आहे.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर नानायमो नावाचं गाव आहे. तिथं जॉन ब्रेट नावाच्या शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला आणि 1969 साली तो प्रसिद्ध झाला. मासा होता सॉकाय साल्मन. हा गोड्या पाण्यात जन्मतो आणि थंड समुद्रात जाऊन मोठा होतो. त्याची पिल्लं वेगवेगळ्या तापमानाच्या टाक्यांत ठेवली. काहींना हवं तेवढं खायला घातलं, काहींना मोजून. पोटभर खाणारी पिल्लं सगळ्यांत चांगली वाढली ती 15 अंशांच्या सुमाराला. त्याहून गरम पाण्यात वाढ घटत गेली. पण ज्यांना दिवसाला वजनाच्या फक्त दीड टक्का खाणं मिळत होतं, ती सगळ्यांत चांगली वाढली 5 अंशांच्या गार पाण्यात!

असं का व्हावं? घरखर्चाचा हिशेब मांडा. खाल्लेलं अन्न ही माशाची कमाई. श्वास घेणं, रक्त फिरवणं, शरीराची डागडुजी करणं हा घरखर्च. उरेल ती शिल्लक, आणि शिल्लक म्हणजेच वाढ. पाणी तापलं की सुरुवातीला कमाई आणि खर्च दोन्ही वाढतात, कमाई जरा जास्त. मग एका टप्प्यावर भूक थांबते, मागं सरते, खर्च मात्र चढतच राहतो. ज्याची कमाईच तुटपुंजी, त्यानं गार पाण्यात राहून खर्च कमी केलेला बरा. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण मासा कुठल्या पाण्यात सुखी राहील हे नुसता तापमापक बघून सांगता येत नाही, हे त्यानं दाखवून दिलं. त्याच्या पुढ्यात खायला किती आहे, तेही विचारावं लागतं.

थंडीचा आणखी एक मोठा फायदा आहे. 0 अंशाच्या गोड्या पाण्यात एका लिटरला साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. समुद्राचं पाणी खारट, त्यात थोडा कमी मावतो, पण रीत तीच. अंटार्क्टिका खंडाभोवतीच्या समुद्रात काही मासे असे आहेत, की त्यांचं रक्त पाण्यासारखं बिनरंगी असतं. प्राणवायू वाहून नेणारं लाल हिमोग्लोबिन त्यांच्यात नाहीच! गार पाण्यात प्राणवायू भरपूर आणि शरीराची मागणी कमी, म्हणून त्यांचं भागतं. मोठं हृदय भरपूर रक्त फिरवत राहतं. त्या समुद्राचं पाणी उणे 1.9 अंशांच्या आसपास गोठतं, तरी या माशांचं रक्त गोठत नाही. रक्तातली खास प्रथिनं बर्फाच्या कणांना चिकटतात आणि त्यांना वाढू देत नाहीत.

आणि उत्तरेकडच्या गार पाण्यात सावकाश जगणारा ग्रीनलंड शार्क? 2016 साली शास्त्रज्ञांनी त्याच्या डोळ्याच्या भिंगावरून वय काढलं. सर्वांत मोठी मादी किमान 272 वर्षांची निघाली. ती जन्मली तेव्हा पानिपतची तिसरी लढाईसुद्धा झाली नव्हती.

आता परत आपल्याकडे या. आपला रोहू ऊबदार पाण्यातला मासा, त्याला 15 अंश मानवणार नाहीत. पण हिशेब त्यालाही चुकलेला नाही. मे महिन्यात त्याची प्राणवायूची मागणी वाढते आणि पाण्यातला साठा नेमका तेव्हाच घटतो. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरतं, म्हणून पहाटेची वेळ सगळ्यांत वाईट. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते आणि तरून जाते. रोहू-कटल्याला ते जमत नाही.

तेव्हा घरी जाऊन सांगा, शेततळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर ती भूक समजू नका. त्या दिवशी कोंडा-पेंड टाकू नका, कारण पचनालाही प्राणवायू लागतो. आधी पंप चालू करा आणि ताजं पाणी उंचावरून तळ्यात पडू द्या.