प्रथिनांच्या हालचाली आणि संगणकीय सदृशीकरण

क्ष-किरण विवर्तनाने प्रथिनाची जी रचना समजते, ती मुख्यतः अणूंची सरासरी स्थिती असते. प्रत्यक्षात हे अणू सतत हालत असतात. या हालचालींच्या अभ्यासासाठी संगणकीय सदृशीकरण, म्हणजेच सिम्युलेशन, उपयोगी पडते. यात प्रत्येक अणूवरील बल काढून न्यूटनच्या गतिनियमांनुसार त्याची पुढील स्थिती ठरविली जाते. गणनेचा प्रत्येक टप्पा साधारणतः १ ते २ फेम्टोसेकंदांचा असतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहालाखावा भाग म्हणजे १ फेम्टोसेकंद.

१९७७ मध्ये मॅकॅमन, जेलिन व कारप्लस यांनी गायीच्या स्वादुपिंडातील ५८ अमिनो आम्लांच्या ट्रिप्सिनरोधक प्रथिनाचे सदृशीकरण प्रसिद्ध केले. त्याचा कालावधी १० पिकोसेकंदांहूनही कमी होता. २०१० मध्ये ‘अँटन’ या खास संगणकाच्या साहाय्याने त्याच प्रथिनाचे १ मिलिसेकंदाचे सदृशीकरण प्रसिद्ध झाले. म्हणजेच कालावधी दहा कोटी पटींहून अधिक वाढला.

तथापि, बलांची सूत्रे अंदाजी असतात आणि केवळ कालावधी वाढविल्याने त्यांतील त्रुटी दूर होत नाहीत. म्हणून सदृशीकरणाचे निष्कर्ष एनएमआरसारख्या प्रयोगांशी पडताळून पाहणे अनिवार्य ठरते. विद्यार्थ्यांना ही पद्धत शिकविताना आज्ञावली चालविण्याइतकेच या पडताळणीलाही महत्त्व दिले पाहिजे.