डोळ्यांवरचा चष्मा आणि डोक्यातला धडा

शाळांच्या जाहिरातींत हल्ली एक नवा शब्द दिसू लागला आहे : व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी. मराठीत त्याला आभासी वास्तव म्हणतात. वसई-विरारसारख्या वाढत्या भागात शाळाही अनेक आणि त्यांची चढाओढही मोठी. उद्या या साधनाच्या नावावर तुमच्याकडे जादा फी मागितली तर काय कराल? बियाणे घेताना आपण पिशवीवरचे चित्र पाहून भुलत नाही, उगवण किती ते विचारतो. येथेही तेच विचारायचे.

वस्तू काय आहे?

पाणबुड्याच्या चष्म्यासारखी एक जाड पेटी डोळ्यांवर पट्ट्याने बांधतात. आत भिंगे आणि पडदा असतो. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दाखवली की समोरची वस्तू जवळ-लांब जाणवते. मान वळवली की देखावाही वळतो. चहूबाजूंचे चित्र एकदम टिपणाऱ्या कॅमेऱ्याची फिल्म त्यात लावली, की आपण त्या जागीच उभे आहोत असे मुलाला वाटते.

गूगल कंपनीने २०१४ मध्ये पुठ्ठ्याची स्वस्त पेटी काढली; त्यात मोबाइल ठेवला की काम भागत असे. शाळांना घरबसल्या सहली घडवणारे तिचे ॲपही होते. ते २०२१ मध्ये बंद झाले. पेटी कपाटात राहते आणि तिच्यावरचे धडे मिळेनासे होतात, असेही घडते हे ध्यानात ठेवा.

उगवण किती?

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅरोंग आणि मेयर या संशोधकांनी २०१८ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. काही विद्यार्थ्यांना शरीरातील रक्त आणि पेशींचा धडा चष्म्यातून दाखवला, काहींना तोच धडा साध्या चित्रपट्ट्यांवर. चष्मेवाल्यांना गोडी जास्त वाटली. पण परीक्षेत साध्या चित्रांवर शिकलेले पुढे गेले. डेन्मार्कमधील मॅक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही २०१९ मध्ये असेच आढळले. प्रयोगशाळेचा आभासी धडा चष्म्यातून घेणाऱ्यांना आपण तिथेच असल्याचा भास अधिक झाला, पण साध्या संगणकावर शिकणाऱ्यांपेक्षा ते कमी शिकले.

असे का व्हावे? चहूकडून इतके दिसते, की मुख्य मुद्दा कोणता हे मनाला निवडता येत नाही. जत्रेतून आलेल्या मुलाला पाळणा आठवतो, वाट आठवत नाही.

मग ही वस्तू टाकाऊ समजायची का? नाही. पॅरोंग आणि मेयर यांनी पुढे तोच धडा तुकड्या-तुकड्यांनी दाखवला आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना सारांश लिहायला लावला. तेव्हा चष्म्यातले शिक्षणही सुधारले, आणि गोडीही कमी झाली नाही. डेन्मार्कच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, धड्यातल्या मुख्य गोष्टींची नावे आणि कामे आधी सांगितली तेव्हा चष्म्याचा लाभ वाढला. प्रयोगशाळेतील सुरक्षिततेचा धडा चष्म्यातून घेतलेले विद्यार्थी प्रत्यक्ष प्रयोगशाळेत गेल्यावर, तो नुसता वाचणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. हे सारे अभ्यास मोठ्या विद्यार्थ्यांवरचे आहेत. पहिली-दुसरीच्या बालकांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावू नका.

आम्ही कृषी विस्ताराचे लोक प्रात्यक्षिक घेतो ते याच क्रमाने. आधी बांधावर बसून सांगायचे, मग करून दाखवायचे, आणि शेवटी फवारणीचा पंप शेतकऱ्याच्या हाती द्यायचा. नुसते दाखवून परतलो तर ते प्रात्यक्षिक होत नाही.

आपल्या जिल्ह्याची शिकवण

मुलाला अनुभवातून शिकवावे, हे पालघर जिल्ह्याला नवे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी ते काम वाढवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नाही तर शाळाच कुरणावर नेली. बिया, पाने, शंख-शिंपले हीच तिथली साधने होती.

म्हणून जे हाताशी आहे, ते चष्म्यातून कशाला पाहावे? १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने जिंकलेला वसईचा किल्ला मुलांना पायी हिंडू द्या. नालासोपाऱ्याचा स्तूप, जो पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन करून उजेडात आणला, तोही जवळच आहे. आगाशीची पानवेल आणि वसईचा मोगरा मुलांनी हात लावून पाहावा. चष्मा राखून ठेवावा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी : रक्तातली पेशी, समुद्राचा तळ, चंद्राची जमीन.

पालकसभेत विचारा

१. चष्मा लावण्यापूर्वी मुलांना काय सांगता? मध्ये थांबवून काय विचारता?
२. नंतर मुले काय लिहितात, काय करून पाहतात?
३. एका तासाला चष्मे किती आणि मुले किती?
४. कोणत्या वयापासून देता? (मेटा कंपनीने आपल्या चष्म्यासाठी किमान वय १० वर्षे ठेवले आहे.) चक्कर, मळमळ किंवा डोळे दुखणे सुरू झाले तर चष्मा लगेच काढता ना?

उत्तरे नीट मिळाली तर खुशाल पाठिंबा द्या. नाही मिळाली, तर जादा फीला ठाम नकार द्यायला संकोच करू नका. आणि मूल घरी आले, की "काय पाहिलेस?" एवढ्यावर थांबू नका. "काय कळले, ते मला समजावून सांग," असे म्हणा. आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नसले, तरी ही परीक्षा त्यांना घेता येते.