चर्चगेटचा थोमा

चर्चगेट हे नाव रोज लाखो चाकरमान्यांच्या तोंडी असते. ते चर्च कोणते, हा प्रश्न मात्र गाडीच्या गर्दीत हरवून जातो. हॉर्निमन सर्कलजवळचे सेंट थॉमस कॅथीड्रल ते हे. त्याच्याकडे जाणारा कोटाचा दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी होता. 1860 नंतर तट पाडला गेला, दरवाजाही गेला. नाव स्टेशनाला चिकटले.

मराठी बायबल ज्याला थोमा म्हणते, तो येशूचा शिष्य. गुरू मरणातून उठल्याची वार्ता त्याने ऐकीव पुराव्यावर मानली नाही; जखमांत बोट घातल्याखेरीज विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला. अशा शंकेखोरास संतपद लाभावे, हे प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यास खाली बसविणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

तो आपल्याकडे आला काय? इसवी सन 52 मध्ये तो केरळात उतरला, असे तेथील ख्रिस्ती परंपरा मानते. चेन्नईच्या मैलापुरात त्याची समाधी दाखवितात. समकालीन लेखी पुरावा नाही. साधारण तिसऱ्या शतकातील एका सिरियाक ग्रंथात मात्र गोंडोफर्नीस राजाची मोठी नामी कथा आहे. राजाने महाल बांधण्यास दिलेले द्रव्य सुतारकाम जाणणाऱ्या थोमाने गोरगरिबांत वाटून टाकले आणि महाल स्वर्गात उभा असल्याचे सांगितले. मंजूर रकमेच्या अशा विनियोगावर आजचा लेखापरीक्षक कोणते ताशेरे मारील, ते सांगावयास नकोच! 19 व्या शतकात वायव्य सरहद्दीकडील नाण्यांवरून हा राजा खरोखर होऊन गेल्याचे कळले. अर्थात नाण्यांनी राजा सिद्ध होतो, थोमाचे आगमन नव्हे.

मुंबईच्या चर्चचा जमाखर्च निराळा. गव्हर्नर ऑन्जियरच्या काळात आरंभलेल्या भिंती कित्येक दशके अर्धवट पडून होत्या. अखेर रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणीची खटपट केली आणि 1718 च्या नाताळात चर्च उघडले. आत शिरावे तर भिंतींवर गव्हर्नर जोनाथन डंकन आहे, कंपनीचे सेनानी आणि अंमलदार आहेत. महालाचा पैसा गरिबांना देणाऱ्याच्या नावाखाली, संपत्ती कमावण्यास आलेल्यांचा हा संगमरवरी दरबार भरला आहे. शिल्पे उत्तम आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

थोमाची नित्याची भक्ती मुंबईत रुजविली ती नोकरीसाठी आलेल्या मल्याळी कुटुंबांनी. त्यांच्या सिरो-मलबार पंथाचा स्वतंत्र धर्मप्रांत 1988 साली कल्याण येथे स्थापन झाला. थोमाचा स्मृतिदिन ही मंडळी 3 जुलैला पाळतात, ऐन पावसाळ्यात.